सात-वीसची रेघ

सुईबाई म्हटलं की नव्या माणसाला वाटायचं, ही दवाखान्यात इंजेक्शनं देत असणार, नाहीतर शिवणकाम करत असणार. तिचा दोन्हींशी काडीचा संबंध नव्हता. शाळेत शिवणात ती जेमतेम पास व्हायची आणि इंजेक्शन दिसलं की साठीला आली तरी तोंड फिरवायची. तिची सुई वेगळीच होती.

शहराबाहेर, शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे, एक चुंबकीय वेधशाळा होती. तिथल्या जाड भिंतींच्या, बिनखिडक्यांच्या एका खोलीत बोटाच्या पेराएवढं चुंबक बारीक धाग्याला टांगलेलं होतं. त्यालाच सगळे सुई म्हणत. पृथ्वीचं चुंबकत्व जरा कमीजास्त झालं की सुई हलायची. तिला चिकटवलेल्या इवल्या आरशावरून दिव्याचा किरण फोटोच्या कागदावर पडायचा आणि कागदावर चोवीस तासांची एक रेघ उमटायची. सकाळी दहाला आत जायचं, कालचा कागद काढायचा, नवा लावायचा. कालचा अंधारखोलीत धुवायचा, वाळवायचा, तारीख घालून फडताळात ठेवायचा. हे काम तिने छत्तीस वर्षं केलं. सकाळी देवाचं नाव घेतल्याशिवाय ती पाणी प्यायची नाही आणि दहाचा कागद साडेदहाला कधी बदलायची नाही. शेवटची दहाबारा वर्षं एक नवं यंत्र आपोआप आकडे लिहायला लागलं होतं, पण मोठ्या साहेबांनी जुनी सुई चालू ठेवली. म्हणायचे, "या बाई आहेत तोवर राहू दे."

त्या खोलीचा एकच कायदा होता: लोखंड आत न्यायचं नाही. खोलीच्या दारांना बिजागऱ्या पितळेच्या, खिळे तांब्याचे. बाहेर एक लाकडी पेटी होती, तिच्यात घड्याळ, किल्ल्या, सेफ्टी पिना, पट्ट्याचं बक्कल, सगळं काढून ठेवायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. तिला काम शिकवणारे गृहस्थ तर या बाबतीत इतके कडक होते, की त्यांच्या बक्कलापासून चष्म्याच्या काड्यांपर्यंत सगळं पितळेचं होतं. सगळे त्यांना पितळकाका म्हणत. तोंडावरही म्हणत, त्यांना चालायचं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सुईबाई अंबाड्यातल्या लोखंडी पिना काढायला विसरली. तशीच वाकून कागद लावला, कुठे चुरगळला तर नाही ना म्हणून पुन्हा वाकून पाहिलं, आणि बाहेर आली. दुसऱ्या दिवशी कागद धुतला, तर रेघेला एक दात फुटलेला. पितळकाकांनी तो तिच्यापुढे धरला.

"हे काय?"

"चुंबकीय वादळ असेल," ती म्हणाली. आदल्याच दिवशी तो धडा वाचला होता.

"वादळ असं येतं का? वादळ आलं की आधी एक धक्का बसतो, मग रेघ तासन्‌तास खाली घसरत जाते, आणि ताळ्यावर यायला दोन-दोन दिवस घेते. ही बघा, उडी मारून वर गेली, चार मिनिटं तिथं बसली, आणि होती तिथं परत आली. हे वादळ नाही, बाई. ही तुमच्या डोक्यातली पिन आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी शेऱ्यांची वही पुढे सरकवली.

"चूक झाली तर रडायचं नाही, लिहायची. तारीख, वेळ, काय झालं. नाहीतर हा कागद पन्नास वर्षांनी कुणाला तरी फसवील."

तिने लिहिलं. तेव्हापासून तिने केसांत लोखंड घातलं नाही.

आता, सुई खरोखरच घसरायला लागली की त्याचा अर्थ काय, तेही काकांनीच सांगितलं होतं. सूर्यावर काहीतरी उसळतं, त्याचा लोंढा पृथ्वीपर्यंत येतो, आणि मग दूर ध्रुवांकडच्या आभाळात हिरवे-तांबडे पडदे हलायला लागतात. ध्रुवीय प्रकाश. कोणी मेरुज्योती म्हणतं, हल्ली सगळे अरोरा म्हणतात. आपल्या या उष्ण प्रदेशातल्या शहरातून तो काही दिसत नाही. इथे फक्त सुई हलते. अशा दिवशी कागद धुताना रेघ खाली खाली गेलेली दिसली, की सुईबाईला वाटायचं, देवाने वरच्यांना रोषणाई दिली आणि आपल्याला तिची पोच पाठवली. तिची त्यावर काही तक्रार नव्हती.

पण तिच्या घरात एक माणूस असा होता, जो म्हणत होता की त्याने ध्रुवीय प्रकाश इथूनच पाहिलाय. तो तिचा मोठा भाऊ.

भाऊ नऊ वर्षांनी मोठा. पाट्या रंगवायचा, बाजारात सगळे त्याला पेंटर म्हणत. पण बरोबरीचे, शाळेतले, अजूनही 'थापाड्या' अशी हाक मारत. त्या हाकेचा जन्म आणि सुईबाईचा जन्म एकाच दिवशीचा. त्या संध्याकाळी घरात बाळंतपण चाललेलं, दाई आलेली. नऊ वर्षांच्या मुलाचं तिथं काय काम, म्हणून वडिलांनी त्याला गच्चीवर पिटाळलं. नुकतंच अंधारलं होतं. उत्तरेच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या मागे, त्याला आभाळ लाल झालेलं दिसलं. मावळतीचं लाल नव्हे, मावळती तर डाव्या हाताला होती आणि काळी पडली होती. हे लाल हलत होतं. त्याच आठवड्यात भूगोलाच्या तासाला ध्रुवीय प्रकाशाचं चित्र पाहिलेलं. तो धावत खाली आला, तर खाली सगळे बहिणीभोवती. "बहीण झाली रे तुला!" त्याचं कोण ऐकतो? पुन्हा वर गेला तोवर लाली विझली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात सांगितलं. गुरुजी म्हणाले, "रातोरात ध्रुवावर जाऊन आलास काय रे? गाडीभाडं कुणी दिलं?" वर्ग हसला. मधल्या सुट्टीपर्यंत तो थापाड्या झाला होता.

असं एखादं नाव चिकटलं की माणूस एक तर खरंच थापा मारायला लागतो, नाहीतर अगदी तोलून-मापून बोलायला लागतो. भाऊ दुसऱ्या जातीतला निघाला. अक्षर रंगवायच्या आधी तीनदा दोरी धरायचा. गिऱ्हाईकाला "मंगळवारी देतो" म्हणाला की मंगळवारीच. पण ती लाल आभाळाची गोष्ट मात्र त्याने सोडली नव्हती. घरी पाहुणे आले आणि गप्पा रंगल्या की हळूच काढायचा.

ती गोष्ट सुईबाईनेच बंद पाडली. नोकरीला दोन वर्षं झाली होती, नवं शिकलेलं जिभेवर नाचत होतं. वहिनीच्या माहेरची माणसं जेवायला आलेली. भावाने गोष्ट सुरू केली, आणि ही वाढता वाढता म्हणाली, "दादा, इथून नाही दिसत तो. शक्यताच नाही. आमच्याकडे हेच तर शिकवतात." वहिनीचा भाऊ हसला. "घ्या! सरकारी शिक्का बसला!" सगळे हसले. भाऊही हसला, ताट उचललं आणि हात धुवायला गेला. त्यानंतर चौतीस वर्षं चारचौघांत त्याच्या तोंडून ती गोष्ट कुणी ऐकली नाही.

सुईबाईचं लग्न झालं नाही, ती राहिली भावाकडेच, मागच्या खोलीत. सकाळचा चहा दोघं एकत्र प्यायची. तिच्या जन्मदिवसाचा कागद वेधशाळेच्या फडताळात होता. छत्तीस वर्षांत कुठल्याही दुपारी, हात लांब करून काढला असता तरी चाललं असतं. तिने काढला नाही. रेघ सपाट निघाली तर? मग भावाशेजारी बसून चहा कसा प्यायचा? न पाहिलेल्या कागदाबद्दल निदान खोटं तरी बोलावं लागत नाही.

तिच्या निवृत्तीला अकरा दिवस राहिले असताना सूर्यावर मोठा उत्पात झाला. सुई अशी घसरली की गेल्या वीस वर्षांत पाहिली नव्हती. कुठे कुठे, कधी नव्हे तिथे, लोकांना अरोरा दिसला. फोटोंनी फोन भरून गेले, आणि पाठोपाठ कुणीतरी निरोप फिरवला: आज आपल्या शहरातून दिसणार, संधी चुकवू नका. शेजारीपाजारी संध्याकाळी खुर्च्या घेऊन गच्चीवर.

"सुईबाई, किती वाजता सुरू होणार हो?" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं.

"होणार नाही. आणि झालाच तर उत्तरेला. तुम्ही सगळे बाजाराकडे तोंड करून बसलाय."

खुर्च्या खडखड वाजत वळल्या. अर्थात काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी भावाची नात शाळेतून आली ती दप्तर आपटतच. पाचवीतली पोर. भाऊ तिच्यापाशी ती गोष्ट कधी बोलला, कुणाला पत्ता नव्हता. दुकानात तिला पत्र्याचा एक जुना तुकडा सापडला होता, भावानेच कधीतरी रंगवलेला, नुसता लाल, मध्येच गडद, मध्येच फिका. हे काय म्हणून विचारलं, तेव्हा त्याने सांगून टाकलं होतं. आणि आज वर्गात बाईंनी अरोराचे फोटो दाखवले, तर ही उठून उभी: माझ्या आजोबांनी लहानपणी इथूनच पाहिलाय. वर्गातल्या एका मुलीचे आजोबा नेमके भावाचे शाळेतले वर्गमित्र. तिने घरून ऐकलेलं सगळं तिथेच ओकलं.

"मला थापाड्याची नात म्हणतात," पोर म्हणाली. "आजोबा, खरं सांगा. तुम्ही पाहिला होता की नाही?"

भाऊ ब्रश धूत होता. धुऊन झाला तरी धूतच राहिला. "लाल पाहिलं होतं," एवढंच म्हणाला.

रात्री जेवणं झाल्यावर तो सुईबाईच्या दाराशी आला. दारात उभं राहून बोलायची त्याची पद्धत नव्हती.

"तुमच्याकडे जुने कागद असतात ना गं?"

"असतात."

"तुझ्या जन्माच्या दिवसाचा असेल?"

"असेल."

"बघून ये. काय असेल ते मला सांग. माझं आता काय राहिलंय, पण पोरीला तोंड वर करून शाळेत जाता आलं पाहिजे." मग वळता वळता म्हणाला, "मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. तू सांगशील तेच मी तिला सांगणार."

ती त्या रात्री देवापुढे हात जोडून बसली, पण काय मागावं ते कळेना. साठ वर्षांपूर्वीची रेघ आता देवानेही बदलू नये, एवढं तिला समजत होतं.

सकाळी दहाचा कागद बदलून झाल्यावर ती फडताळाशी गेली. कापडात बांधलेले महिन्याचे गठ्ठे. गाठ सोडली, तारखा उलटल्या, आणि तिच्या जन्मदिवसाचा कागद हातात आला. कडा पिवळ्या पडलेल्या, रेघ मात्र स्वच्छ. सकाळ शांत. दुपार शांत. आणि संध्याकाळी सात-वीसला एक उडी.

तिने कागद उजेडात धरला.

शेजारच्या टेबलावर नव्याने लागलेली तरुण अधिकारी बसायची. हुशार मुलगी, सगळं संगणकावर करणारी. भावाची गोष्ट सुईबाईने तिला सकाळीच सांगितली होती. ती उठून मागे उभी राहिली.

"मॅडम, हा बघा ना झटका! किती वाजता म्हणाले होते तुमचे दादा?"

"दिवे लागायच्या सुमाराला."

"मग झालं की! सात-वीस! मी फोटो काढून देते, दाखवा शाळेत."

सुईबाईने रेघेवरून बोट फिरवलं. उडी मारून वर गेली होती. सहा मिनिटं तिथं बसली होती. आणि होती तिथं परत आली होती. पुढे रात्रभर सपाट, दुसरा दिवसही सपाट. जगात दुसरं कुणी हा कागद पाहिला असता तर फसलं असतं. ही नवी मुलगी फसली, शाळेतल्या बाई फसल्या असत्या, भाऊ तर आनंदाने फसला असता. तिला मात्र हा दात कुठेही ओळखता आला असता. कुणीतरी लोखंड घेऊन आत गेलं होतं.

"हे वादळ नाही," ती म्हणाली.

"कशावरून?"

"माझ्या डोक्यातल्या पिनेवरून."

पण मग दुसराच प्रश्न उभा राहिला. कागद बदलतात सकाळी दहाला. संध्याकाळी सात-वीसला त्या खोलीत कुणाचं काय काम? तिथे संध्याकाळी कुणी पाऊल टाकत नाही. तिने शेऱ्यांच्या वह्यांचं कपाट उघडलं. त्या वर्षाची वही तळाशी होती. पान सापडलं, आणि अक्षर पाहताच तिने खुर्ची ओढली. पितळकाकांचं अक्षर. तेव्हा ते पंचविशीतही नसतील, नोकरीला नवे.

लिहिलं होतं: "सायं. ७-२०. अंगणातून उत्तरेस आकाशात लाली दिसली, हलती. ध्रुवीय प्रकाश असावा असे वाटून सुई पाहण्यास धावत आत गेलो. सुई शांत होती. कंबरेच्या किल्ल्या काढण्याचे भान राहिले नाही. आजच्या कागदावरील उडी त्या किल्ल्यांची आहे. चूक माझी."

खाली दुसऱ्या दिवशीची तारीख: "कालची लाली उत्तरेकडील टेकड्यांमागे गवत पेटले होते त्याची, असे दूधवाल्याकडून कळले."

तिने ते दोनदा वाचलं. किल्ल्या! पितळकाकांच्या कंबरेला, त्या खोलीत! या माणसाने आपल्याला एका पिनेसाठी रडवलं होतं. तिला हसू आलं आणि मग डोळे पुसावे लागले. मोठ्या साहेबांना विचारून तिने दोन्ही शेरे आपल्या हाताने उतरवून घेतले, अक्षरही न बदलता. साहेबांनी खाली सही केली आणि तारखेचा शिक्का मारला.

संध्याकाळी ती बसमधून उतरली ती घरी न जाता सरळ दुकानात. भाऊ एका शटरवर अक्षरं काढत होता. नात स्टुलावर बसून गृहपाठ करत होती.

"सांग," भाऊ म्हणाला. मान वळवली नाही.

"दादा, तो ध्रुवीय प्रकाश नव्हता."

ब्रश अक्षरावरच थांबला. मग त्याने ते अक्षर पुरं केलं, कारण रंग अर्धवट वाळला की जोड दिसतो. पुरं करून मग वळला.

"बरं."

"थांब, अजून आहे. लाल होतं. आणि ते तू एकट्याने पाहिलेलं नाहीस." तिने कागद उलगडला आणि वाचून दाखवला. हळू वाचला, एकेक शब्द.

भाऊ शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. "पुन्हा वाच. ते धावल्याचं."

"'ध्रुवीय प्रकाश असावा असे वाटून सुई पाहण्यास धावत आत गेलो.'"

"धावत?"

"धावत. किल्ल्यांसकट. तो माणूस चष्म्याच्या काड्यासुद्धा पितळेच्या वापरायचा, दादा. त्याला किल्ल्या काढायचं भान राहिलं नाही, म्हणजे ते लाल काय असेल बघ."

"आणि हलतं होतं म्हणून लिहिलंय?"

"हलती, असं लिहिलंय."

"मी पण हलतंच म्हणत होतो," भाऊ म्हणाला. मग एकदम त्याला आठवलं. "आणि निघालं काय, तर गवत!"

"गवत."

"साठ वर्षं मी गवतासाठी शिव्या खाल्ल्या!" तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. नातीने पाणी दिलं.

"म्हणजे आजोबा," ती अगदी वकिलासारखी म्हणाली, "तुम्ही थाप नव्हती मारली. तुम्ही चुकला होता."

"चुकलो होतो."

"आणि ते वेधशाळेतले पण चुकले होते."

"ते शिकलेले असून चुकले. मी नऊ वर्षांचा होतो."

सुईबाई म्हणाली, "दादा, त्या दिवशी जेवताना मी बोलले..."

"बरोबरच बोललीस की. दिसलाच नव्हता."

"बरोबर होतं, पण कागद न बघता बोलले. सगळ्यांसमोर. ती माझी चूक."

भावाने रंगाच्या डब्यावर झाकण बसवलं, वरून मुठीने ठोकलं. "लिही मग वहीत," तो म्हणाला, आणि विषय तिथंच मिटला.

दुसऱ्या दिवशी नात तो शिक्क्याचा कागद शाळेत घेऊन गेली. बाईंनी तो वर्गात मोठ्याने वाचला आणि मुलांना विचारलं, तुम्ही असतात तर तुम्हाला काय वाटलं असतं? त्यावर तासभर भांडण झालं. थापाड्याची नात हे नाव मात्र मागे पडलं. दुपारी त्या वर्गमित्र आजोबांचाच फोन आला. "काय रे थापा..." म्हणाले, आणि पुढचं अक्षर गिळून, "काय रे पेंटर," असं केलं. मग दहा मिनिटं गुडघ्यांबद्दल बोलले.

सुईबाई निवृत्त झाली त्या संध्याकाळी दोघं चहा घेऊन गच्चीवर बसली होती. समोर तीच पाण्याची टाकी, आता गळकी.

"आता खरं सांग," भाऊ म्हणाला. "इथून दिसायची शक्यता किती?"

नोकरीच्या उरलेल्या दिवसांत तिने तेही पाहून ठेवलं होतं. "वेधशाळा सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या मोठ्या वादळांचे कागद काढले. शंभरावर वर्षांत सुई इतकी घसरली, की इथूनही क्षितिजाशी थोडी लाली दिसली असती, अशी दोनदा."

"दिसली कुणाला?"

"एकदा भर दुपार होती. एकदा ढग होते."

भाऊ विचार करत राहिला. कशाचंही माप घेताना करायचा तसा. "म्हणजे शून्य नाही."

"शून्य नाही," ती म्हणाली. हे सांगायला तिला चौतीस वर्षं लागली होती.

त्याने चहा संपवला, उठला, आणि खुर्ची उत्तरेकडे वळवून पुन्हा बसला. मग खिशातून दुकानाच्या किल्ल्या काढून लांब कठड्यावर ठेवल्या.

"असू दे," म्हणाला. "उगाच घोटाळा नको."